ट्रेच्या कोपऱ्यातलं भोक

मूल गावच्या गफूरभाईंनी घडवलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाला एक भोक असायचं. ही गोष्ट मी लग्नाकार्यात, शिक्षकांच्या बैठकीत कितीतरी वेळा सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. तिचा पुढचा भाग मात्र कुणालाच सांगितला नाही. वर्षानुवर्षं टाळला. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्या भागात मी चांगला दिसत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

गफूरभाई पत्र्याचं काम करायचे. पेट्या, डबे, राइस मिलमधल्या धानाच्या पन्हळी, मोटारींचे कुजलेले दरवाजे, सगळं. काम पुरं झालं की कानामागची पेन्सिल काढायचे, तळाचा एक कोपरा निवडायचे, खूण करायचे आणि ठक्क. गिऱ्हाईक ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत भोक पडलेलं असायचं.

“पान्याले जायले रस्ता पायजे,” ते म्हणायचे.

आमच्या शाळेसाठी खडू ठेवायची पेटी करवली. तिलाही भोक.

“गफूरभाई, खडूच्या पेटीत पाणी कुठून येणार?”

“आलं तं?”

“येणारच नाही.”

“मंग ते भोक तुमाले काय मागून राह्यलं, गुरुजी? राहीन पडून बिचारं.”

शेजारच्या बाई तांदळाचा डबा घेऊन भांडायला आल्या, खालून कणी गळते म्हणून. गफूरभाईंनी डबा हलवून पाहिला आणि म्हणाले, “कनीच गळते ना, बाई? तांदूळ तं साफ होऊन राह्यला.” बादलीला तेवढं ते भोक पाडत नसत. एकदा मी मुद्दाम विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, “बादली पान्याचं घर होय. घरातून कोनाले काऊन हाकलाचं?”

नव्वदच्या दशकात मी एक जुनी मोटार घेतली. साठीच्या दशकातली, गोल दिव्यांची, जंगलाच्या ठेकेदाराने वापरून सोडलेली. आमच्या मोहल्ल्यात ती पहिलीच मोटार. मी दर रविवारी ती पुसायचो आणि बॅटरीत अगदी गळ्याशी येईपर्यंत पाणी भरायचो. जास्त पाणी म्हणजे जास्त काळजी, असा माझा हिशेब. वर्षभरात बॅटरीखालचा लोखंडी ट्रे गंजून पापडासारखा झाला. गफूरभाईंना बोलावलं.

त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. बॅटरी उतरवून त्यांनी खाण्याच्या सोड्याचं पाणी ॲसिडने खाल्लेल्या जागेवर ओतलं. फसफसून फेस आला. “पाहा, तेजाब बोलून राह्यलं,” ते म्हणाले. फेस थांबेपर्यंत तीनदा धुतलं. कुजलेला पत्रा छिन्नीने कापला, जुन्या कॅलेंडरच्या कागदावर माप उतरवलं, जाड पत्रा वाकवून नवा ट्रे केला आणि गॅसने जोडला. मग लाल प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात, दोन दिवस वाळवण. खाली ट्रकच्या ट्यूबचा तुकडा, वर बॅटरीच्या टोकांना ग्रीस. आणि कोपऱ्यात, अर्थातच, भोक.

“पानी कमी भरत जा, गुरुजी. बॅटरी तापली का तेजाब उसळते. सांडलं तं इथून निघून जाईन.”

मी मान हलवली. पण नव्याकोऱ्या ट्रेला भोक मला बघवेना. पुढे जावई-व्याही येणार, बॉनेट उघडणार, काय म्हणतील? शाळेसमोर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथून चिमूटभर डांबर आणलं, भोकात दाबलं, वरून काळा रंग फिरवला. कळूनही आलं नाही. पाणी मी गळ्यापर्यंतच भरत राहिलो.

दोन पावसाळे गेले आणि सुनंदाचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. ती आपल्याच मोटारीतून सासरी गडचिरोलीला जाणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. पाठवणीच्या वेळी गाडीवर झेंडूच्या माळा, मागे नवरा-नवरी. मी किल्ली फिरवली. पुढून चटचट आवाज झाला आणि बॉनेटखालून धूर निघाला. सगळे बाहेर पळाले. बॉनेट उघडलं तर ट्रे खालून गेलेला, बॅटरी कलंडून तिचं टोक पत्र्याला टेकलेलं. मूलची अर्धी माणसं आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं.

गफूरभाई आवतनाला आले होते. पांढरा कुर्ता घालून. त्यांना पाहताच मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “गफूर, हे तुझ्या हातचं काम. दोन वर्षं टिकलं नाही.”

इतक्या वर्षांत मी त्यांच्या नावातलं ‘भाई’ कधी गाळलं नव्हतं.

ते पुढे आले. एका जीपवाल्याकडून पाना घेतला, बॅटरी उतरवली आणि ट्रेच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. डांबराला तेजाब लागत नाही. आजूबाजूचं लोखंड गेलं होतं, माझी गोळी शाबूत होती. ती त्यांनी अंगठ्याने बाहेर काढली. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांडलेलं तेजाब त्या गोळीमुळेच ट्रेमध्ये साचून राहिलं होतं, हे त्याच क्षणी मला समजलं.

व्याह्यांनी विचारलं, “काय निघालं, भाऊ?”

गफूरभाईंनी मूठ मिटली आणि कुर्त्याच्या खिशात घातली. “काई नाई. पत्रा हलका लागला माह्या हातून.”

खिशावर काळा डाग पडला होता. सुनंदा व्याह्यांच्या जीपमधून गेली.

तिसऱ्या दिवशी ते न बोलावता आले. पुन्हा सोडा, पुन्हा कॅलेंडर, पुन्हा नवा ट्रे. या वेळी भोकात त्यांनी रबराची एक बारीक नळी बसवली आणि खालपर्यंत सोडली. “आता कोनाले भोक दिसनार नाई,” म्हणाले. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्यासाठी चहाचा कप धरून उभा होतो. चहा दिला. रिकामा कप घेऊन आत गेलो.

लग्नात मिलवाले होते. त्यांच्या पन्हळींचं काम चंद्रपूरच्या कारागिराकडे गेलं. आमच्या हेडमास्तरांनी मला विचारलं, “गफूरभाईचं काम कच्चं असते म्हणतात, खरं काय?” मी म्हणालो, “बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.” हे डांबरापेक्षा वाईट होतं.

माफी मागायला मी अनेकदा त्यांच्याकडे गेलो. पण नुसतं कसं जायचं, म्हणून बरोबर काहीतरी दुरुस्तीला न्यायचो. ते दुरुस्त करायचे, भोक पाडायचे, मी परत यायचो. आमच्या घरात पीठसुद्धा ठेवायला धड डबा उरला नाही.

पुढे काम आटलं, बायकोही वारली. दुकान बंद करून ते मुलचेऱ्याला मुलीकडे राहायला गेले. दोनेक वर्षांनी मी मुद्दाम तिकडे गेलो. या वेळी हात रिकामे ठेवले होते. ते ओट्यावर बसले होते, शेजारी एक जुनी पत्र्याची पेटी. मी तळाकडे पाहिलं. भोक नव्हतं.

“पह्यली पेटी होय माह्यी,” ते म्हणाले. “बायकोच्या शादीच्या कपड्याची. मीच बनवली. एका पावसाळ्यात घरात पानी घुसलं, पेटीत भरलं, निघालं नाई. सारे कपडे सडले. ते काई बोलली नाई, गुरुजी. पुरी जिंदगी नाई. मी रोज वाट पाहो, का आज बोलन. बोलली असती तं बरं झालं असतं.”

मग त्यांनी विचारलं, “गाडी ठीक आहे ना? नळीतून निघते पानी?”

“निघतं,” मी म्हणालो.

“मंग झालं.”

यापेक्षा चांगली संधी माणसाला मिळत नाही. आतून त्यांच्या मुलीने चहा आणला. तिच्यासमोर कसं बोलायचं, म्हणून मी थांबलो. ती आत गेली. मी बसची वेळ विचारली.

त्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

गाडी अजून दारात आहे. चालत नाही, पण ट्रे जसाच्या तसा आहे. सगळं मिळून सहा शब्द बोलायचे होते: गफूरभाई, ते भोक मीच बुजवलं होतं.