कै. पुंजाजींची अविरत सेवा

महिला दिनानिमित्त खामगावात पुष्पप्रदर्शन भरले. विषय होता 'नारीशक्ती आणि जुन्या घोडागाड्या'. या दोहोंचा संबंध समितीने सर्वानुमते गृहीत धरला होता. मैदानात तीन बग्ग्या आणि एक टांगा उभा होता. खरे घोडे फुले खातात, म्हणून घोडे झेंडूचे केले होते.

*टांग्यापुढील पाटी, मसुदा पहिला :*
'कै. पुंजाजी यांचा टांगा. स्टेशन ते शाळा. सेवाकाल १९७१ ते २००६.'

पाटी वाचून पुंजाजींच्या पत्नी समितीच्या मांडवात आल्या. यापुढे त्यांचा उल्लेख 'अर्जदार' असा करण्यात येईल.

"तो चौऱ्याऐंशीतच गेला," अर्जदार म्हणाल्या. "मंग बावीस वर्सं टांगा मी हाकलला. माहं नाव टाका तिथं."

समितीचे अध्यक्ष इंद्रभानजी उठून उभे राहिले. "काकू, दिवस तुमचाच आहे. फक्त कागद दाखवा."

"कागद त्याच्याच नावाचा हाये. बदलाले गेली, तं साहेब म्हने, मूळ मालकाची सही आना."

अध्यक्षांनी परवाना पाहिला. दरसाल नूतनीकरण, दरसाल शिक्का, सारे पुंजाजींच्या नावे. परवाना चुकीचा म्हणावा तर शिक्का चुकीचा ठरतो. तेव्हा मृत्यूच थोडा सैल धरावा, असे ठरले.

*मसुदा दुसरा :*
'कै. पुंजाजी. मृत्यूनंतरही सलग बावीस वर्षे सेवा देणारे जिल्ह्यातील एकमेव टांगेवाले.'

पण महिला दिनी एकट्या पुरुषाचा गौरव बरा दिसत नाही, अशी हरकत सचिव जयमालाताईंनी घेतली. ती मंजूर झाली.

*मसुदा तिसरा :*
'...आणि त्यांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहिलेल्या त्यांच्या धर्मपत्नीस वंदन.'

"मी मांगं कवा उभी होती?" अर्जदार भडकल्या. "मी पुढं बसत होती, लगाम धरून. मांगं तं तू बसत होता बे इंद्रभान, नाक पुसत! शाळेत नाही जायाचं म्हनून तीनदा उडी मारली, अन् तीनदा मीच धरून आनला तुले."

अध्यक्षांचे डोळे पाणावले.

"हाव काकू, तुम्हीच होत्या," ते म्हणाले आणि लगेच सावरले. "पण मी तेव्हा अल्पवयीन होतो. अल्पवयीनाची साक्ष धरता येत नाही."

"आता तं मोठा झाला ना?"

"आता मी अध्यक्ष आहे."

जयमालाताईंनी अर्जदारांचा हात हाती घेतला. "काकू, नावात काय एवढं? पत्रिकेत माझंही नाही. 'अध्यक्षांच्या सौभाग्यवती' असं छापलंय. किती भारदस्त वाटतं!"

अर्जदारांनी हात सोडवून घेतला. टांग्यापाशी गेल्या, अंबाड्यातला आकडा काढला आणि हाकणाऱ्याच्या फळीवर आपले नाव कोरले. अक्षरे वाकडी, पण खोल.

समितीची तातडीची बैठक झाली. ऐतिहासिक वस्तूचे विद्रूपीकरण झाल्याची नोंद करून त्या फळीवर झेंडूचा जाड हार सोडण्यात आला.

*मसुदा चौथा, अंतिम :*
'फुलांना हात लावू नये.'

प्रदर्शनाला तुम्हीही आला होतात. टांग्यात बसून फोटो काढलात, नारीशक्तीला दाद दिलीत, फुलांना हात मात्र लावला नाहीत. आणि ही कथाही शेवटपर्यंत वाचलीत. अर्जदाराचे नाव काय, हे तुम्ही तरी कुठे विचारलेत?