नुसता फ्लॅश

रोल सोडून डिजिटल घ्यावा का, याचा हिशोब माझ्याइतका चोख कुणीच केला नसेल! फोटो स्टुडिओ चालवण्यात केस पिकलेत माझे. रोल वाचला, धुलाई वाचली, बॅटरी आणि मेमरी कार्ड धरूनही चार लग्नांत कॅमेरा फुकट! बायको म्हणाली, "अहो, काही धरायचं राहिलं नाही ना?"

"अगं, पै न् पै धरलीय!"

पहिलंच काम साडूच्या मुलीच्या लग्नाचं. दारातच बायकोच्या आत्याबाईंनी गाठलं. "जावईबापू, माझा एक छानसा फोटो!"

आता धंद्यातलं गुपित सांगतो, कुठं बोलू नका. रोल छत्तीस फोटोंचा आणि हौशी नातेवाईक दीडशे. मग काय, नुसता फ्लॅश उडवायचा! उजेड पडला की माणूस खूश. पुढे फोटो मागितलाच तर "धुताना खराब झाला हो!" म्हणायचं. वीस वर्षं बिनबोभाट चाललं.

सवयीनं बोट फ्लॅशच्याच बटणावर गेलं. लख्ख!

"बघू!" आत्याबाई थेट कॅमेऱ्याच्या मागे हजर. पडद्यावर मघाशी चाचणीला काढलेली खुर्ची.

"मी कुठाय यात?"

"यंत्र नवीन आहे हो..."

"जुन्यातही मी कधी आले नाही!"

"अरेच्चा! माझाही दर वेळी खराबच व्हायचा," मामेसासरे म्हणाले.

"माझाही!" साडू ओरडला.

बघता बघता अख्खी सासुरवाडी माझ्याभोवती! नवरा-नवरी तिकडे स्टेजवर एकटेच. शेवटी कबूल करून टाकलं, "होय! नुसता फ्लॅश होता!"

तेवढ्यात गर्दीतून बायको पुढे आली. आवाज अगदी शांत. म्हणजे धडगत नाही!

"अहो, लग्नानंतर बागेत तुम्ही अख्खी दुपार माझे फोटो काढले होतेत. तेही धुताना खराब झाले, म्हणाला होतात."

मी बुटांकडे बघत राहिलो. "तेव्हा रोल घ्यायची ऐपत नव्हती गं. पण तू इतकी छान हसत होतीस, मला थांबवेना."

ती रागावली की विरघळली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मात्र फर्मान सुटलं. तीच बाग, तोच बाक, सगळे फोटो पुन्हा!

आज आठवा दिवस. एकशे चाळीस झालेत. प्रत्येक फोटो ती पडद्यावर बघते, चष्मा पुसते, परत बघते.

"छे! मी तेव्हा अशी नव्हते दिसत. पुन्हा काढा!"

खरंय तिचं. पण हे बोलून दाखवायची माझी छाती नाही, म्हणून मुकाट्यानं बटण दाबतोय!