सातवी 'ब'चे सगळे प्रमुख

"आधीच्या बाई निदान ओरडायच्या तरी. ह्यांचं काही ऐकूच येत नाही."

"ऐकू येऊन करायचंय काय तुला?"

पहिल्या बाकावरचा हा संवाद बाईंच्या पाठीमागे, जेमतेम हातभर अंतरावर झाला. बाई फळ्याकडे तोंड करून अपूर्णांक लिहीत होत्या. अंश लिहून झाला होता, छेदापाशी खडू थबकला. वळून रागवावं, तर कशाबद्दल रागवावं? बोलणाऱ्या दोघांचंही म्हणणं बाईंना मनापासून पटलेलं होतं. त्यांनी अंशाखालची रेघ उगाचच पुन्हा एकदा गिरवली आणि न ऐकल्यासारखं केलं. शिकाऊ शिक्षकाला सर्वांत आधी जमू लागतं ते हेच.

बाईंचं वय चव्वेचाळीस. मुलगी कॉलेजात गेली आणि घरातला दुपारचा वेळ अंगावर यायला लागला, तेव्हा त्यांनी शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. बरोबरची शिकाऊ मंडळी त्यांना 'मावशी' म्हणत आणि त्यांच्याच वहीतून पाठांची टाचणं उतरवून घेत. घरात बोली झाली होती ती एका वर्षाची. एक वर्ष सासूबाई आपल्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी स्वयंपाकघर सांभाळणार, एक वर्ष नवरा कपडे वाळत घालणार. "एकच हं," असं सासूबाईंनी बोट वर करून बजावलं होतं.

आणि बाई पहिल्या परीक्षेच्या पाठात नापास झाल्या होत्या. शेरा असा होता: 'टाचण सुंदर. वर्ग हाताबाहेर.' दुसरी आणि शेवटची संधी तीन आठवड्यांवर होती. ती गेली, तर सगळं वर्ष पुन्हा.

"अगं, घरातली तीन माणसं तुझं ऐकत नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "तिथं एक्केचाळीस कशी ऐकतील?"

"ऐकतो की आम्ही," नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला.

"मग काय म्हटलं मी आत्ता?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर आहे तुझं," नवरा म्हणाला.

सातवी 'ब' हा वर्ग वर्षानुवर्षं शिकाऊ शिक्षकांना सरावासाठी दिलेला. नवशिक्या न्हाव्याच्या हाती दिलेल्या डोक्यासारखी त्याची अवस्था. त्या पोरांनी इतके शिकाऊ पाहिले होते, की कोण किती पाण्यात आहे हे ती हजेरी घेईपर्यंतच ओळखत. "बाई, फळ्याचा उजवा कोपरा मोकळा ठेवायचा असतो," असं तीच बाईंना सांगत. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽऽ" म्हणे. कारण 'नाही' म्हटलं, की तोच पाठ पुन्हा होतो, हे शहाणपण तिथं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे पोचत आलं होतं.

बाईंनी मार्गदर्शक मॅडमना गाठलं. मॅडमना निवृत्तीला दोन वर्षं होती आणि त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं.

"जबाबदारी द्या," मॅडम म्हणाल्या. "जो जास्त त्रास देतो, त्याला जबाबदारी द्या. मूल सरळ होतं."

सर्वांत जास्त त्रास देत होता भोंगा. हे नाव त्याला वर्गानंच दिलेलं आणि ते त्याच्या आवाजाला कमीच पडत होतं. बाईंनी पुठ्ठ्याचा बिल्ला कापला, त्यावर 'शांतताप्रमुख' असं लिहिलं आणि त्याच्या खिशाला टाचला. भोंगा एकदम गंभीर झाला. वर्गाकडे वळून त्यानं "गप्प बसाऽऽ!" अशी एकच आरोळी ठोकली. शेजारचा वर्गसुद्धा गप्प झाला.

बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या तरंगतच.

दुसऱ्या दिवशी भोंग्याचा शेजारी बाकावर चढून बसला. "मी पण त्रास देतो ना बाई, मला काय?" प्रश्न रास्त होता. त्याला खडूप्रमुख केलं. मग डस्टरची सोय लावणं आलं. पंख्याला एक प्रमुख दिल्यावर खिडकीवाली रुसली. दाराला एक झाला, खुर्चीला एक झाला, कचऱ्याला एक. आतापर्यंत शहाण्यासारखी बसणारी मुलं विचारात पडली, की शहाणपणानं आपल्याला काय दिलं? आणि तीही त्रास द्यायला लागली. आठवडा संपायच्या आत एक आई शाळेच्या पायऱ्यांवर उभी राहिली.

"बाई, शेजारचा खडूप्रमुख झाला. आमचं पोर काय मातीचं आहे?"

त्या पोराला बाईंनी प्रश्नप्रमुख केलं. कुणाला शंका असली तर ती त्यानं गोळा करून बाईंकडे आणायची. सातवी 'ब'मध्ये कुणी कधी शंका विचारत नसल्यामुळं हे पद शोभेचंच होतं, पण बिल्ला मोठा होता आणि आईचं समाधान झालं.

"मलाही कर काहीतरी," रात्री पुठ्ठे कापून देता देता नवरा म्हणाला.

"तुम्ही दोरीप्रमुख. कपडे आत आणलेत का?"

"आणि मी गं?" सासूबाई आतून.

"तुम्हाला बिल्ला कशाला? तुम्ही लग्नाआधीपासून आहातच."

सासूबाईंना हे आवडलं. त्या दिवशी गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पट एक्केचाळीसचा आणि प्रमुखही एक्केचाळीस. वर्ग घड्याळासारखा चालू लागला. बाई आत आल्या की उठायचं कधी, बसायचं कधी, वह्या काढायच्या कधी, प्रत्येकाला प्रमुख. कुणी हूं की चूं करत नसे. बाईंना मधूनच एक शंका चाटून जाई, की ह्या सगळ्या धावपळीत अपूर्णांक नेमके कुणाच्या खात्यात येतात? पण ती त्या झटकून टाकत. नापास झालेल्या माणसानं शिस्तीच्या पोटात फार डोकावू नये.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक सर उंच, सावकाश चालणारे, हातात गुणपत्रक आणि खिशाला पेन. मार्गदर्शक मॅडम त्यांच्यामागे. दोघं दारापाशी आले, तर समोर आडवा हात.

"आत येऊ का, असं विचारा," दारप्रमुख म्हणाला.

सरांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत येऊ का?"

"या. चपला—"

"बूट आहेत," सर म्हणाले.

"मग असू द्या."

सरांच्या भुवया वर गेल्या, पण कौतुकानं, आणि दारातच त्यांनी गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं. ते मागच्या खुर्चीवर बसले आणि लगेच अर्धवट उठले. खुर्चीप्रमुखानं आजचं महत्त्व ओळखून खुर्ची दोन मिनिटांपूर्वीच ओल्या फडक्यानं पुसली होती. सरांना ओलं लागलेलं पाहून पंखाप्रमुखानं कुणी न सांगता पंखा पाचावर नेला. पंखा पाचावर गेला तसं गुणपत्रक सरांच्या हातातून उडालं, दोन बाकांवरून तरंगत गेलं आणि जमिनीवर पडलं. जमिनीवर पडलेला कागद हा कचराप्रमुखाचा. त्यानं झडप घातली, नियमाप्रमाणं त्याचा बोळा केला आणि टोपलीत टाकला. हे सगळं एवढ्या शांतपणे आणि शिस्तीत पार पडलं, की बाईंना मध्ये तोंड घालायला फटच मिळाली नाही.

"अरे, तो सरांचा—"

"शांतताऽऽ!" भोंगा गरजला.

बोळा बाहेर काढला गेला. डस्टरप्रमुखानं तो डस्टरनंच घासून सपाट केला, त्यामुळं त्यावर खडूची पांढरी साय धरली. तो सरांकडे नेता नेता त्यानं वाचूनही घेतला.

"बाई, वर्गप्रवेशाला तुम्हाला दहापैकी नऊ दिलेत!"

वर्गात टाळ्या पडल्या. टाळ्याप्रमुख होता, त्यानं त्या पाचव्या टाळीला थांबवल्या.

बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि पाठाला सुरुवात केली. "मुलांनो, आज आपण अपूर्णांकाला अपूर्णांकानं—"

"शांतताऽऽ! कोण बोलतंय?" भोंग्यानं मान गरागरा फिरवली.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या.

भोंग्यानं जरा विचार केला. "बरं. बोला."

वर्गात खरोखरच दुसरा आवाज नव्हता. त्या शांततेत बाईंचा हळू आवाजसुद्धा मागच्या भिंतीपर्यंत पोचला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं शिकवणं बाईंना स्वतःला स्पष्ट ऐकू आलं. तीन छेद चार भागिले दोन छेद पाच. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, भागाकाराचा गुणाकार करायचा, वर वर गुणायचं, खाली खाली गुणायचं. पंधरा छेद आठ. फळ्याचा उजवा कोपरा मोकळा ठेवला होता. अक्षर मोत्यासारखं आलं होतं. मागं सरांचं पेन भराभर चालत होतं आणि मॅडम अशा हसत होत्या, जसं काही औषध त्यांनी स्वतः कुटलं होतं.

"समजलं का?" बाईंनी विचारलं.

"होऽऽऽ!"

झालं. संपलं. बाईंच्या डोळ्यांसमोर सासूबाईंचं ते वर केलेलं बोट हळूच खाली आलं. त्या डस्टरकडे वळणार, तोच प्रश्नप्रमुख उभा राहिला. दोन आठवडे त्याच्या वाट्याला एकही काम आलं नव्हतं, त्यामुळं त्याचे कान आनंदानं लाल झाले होते.

"बाई, एक प्रश्न आलाय!"

सगळा वर्ग मागं वळला. त्याच्या मागच्या, शेवटच्या बाकावर एक मुलगी बसली होती. ती कालच दुसऱ्या शाळेतून आली होती. तिच्या खिशाला बिल्ला नव्हता आणि 'हो' कधी म्हणायचं हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"काय आहे प्रश्न?" बाईंनी विचारलं.

"दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, असं विचारलंय."

"नियम आहे तसा."

प्रश्नप्रमुख वाकला, मागं कुजबुजला, पुन्हा सरळ झाला. "नियम का आहे, असं म्हणतेय."

"पुस्तकात दिलंय बाळ, पान चाळीस."

कुजबुज. "पुस्तकात नुसतं 'करा' म्हटलंय. का ते नाही, म्हणतेय."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. ती हट्टानं विचारत नव्हती. तिला नुसतं कळायला हवं होतं. बाईंनी शांतताप्रमुखाकडे पाहिलं, पण नको तेव्हा गरजणारा भोंगा आता गालावर हात टेकून उत्तराची वाट पाहत होता. मॅडमकडे पाहिलं, तर मॅडमना खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसू लागलं होतं.

आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे, "छान प्रश्न! उद्या पाहू." ती त्यांच्या टाचणात लिहिलेलीच होती, अडचणीच्या वेळी वापरायची वाक्यं या मथळ्याखाली, तिसऱ्या क्रमांकावर. ती वापरली तर पास. उद्या त्या इथं नसणार होत्या. दुसरी वाट म्हणजे खरं सांगायचं.

"सांगा ना बाई," मागून परीक्षक सर म्हणाले. "चांगला प्रश्न आहे."

बाईंनी तोंड उघडलं. तिसऱ्या क्रमांकाचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण सातवीत असताना हाच अपूर्णांक उलटा करताना त्या स्वतः अशाच शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि विचारायचं राहून गेलं होतं. घरी भावाला विचारावं म्हटलं, तर तो म्हणाला होता, "तुला काय करायचंय? मार्क मिळतात ना?" मार्क मिळाले होते.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या.

पंखा पाचावर फिरत होता. एक्केचाळीस प्रमुखांपैकी एकाकडेही ह्या प्रसंगाचं खातं नव्हतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"खरंच नाही माहीत," बाई पुढं म्हणाल्या. आवाज जरा कापला, पण मागं पोचला. "मी तीस वर्षं उलटाच करत आलेय. तुम्हाला तरी माहीत आहे का कुणाला? ज्यांनी आत्ता 'हो' म्हटलं, त्यांच्यापैकी?"

पहिल्या बाकानं पायांकडे पाहिलं. हळूहळू सगळ्याच बाकांनी पाहिलं. भोंगा म्हणाला, "नाही," आणि त्याच्या गळ्यातून एवढा बारीक आवाज निघू शकतो हे वर्गाला तेव्हा कळलं.

बाई वळल्या. वर्ष तर गेलंच होतं, तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "सर, मला नापास करा, चालेल. पण जाण्यापूर्वी तेवढं सांगून जा. ती मुलगी थांबलीये."

परीक्षक सरांनी गुणपत्रकावरची खडूची भुकटी बोटानं झटकली. पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमचे डोळे मिटलेलेच. मग ते त्या ओल्या खुर्चीवरून उठले, सावकाश पुढं आले आणि पहिल्या बाकावर त्या दोघांच्या शेजारी जागा करून बसले. फळ्यावरच्या दोन छेद पाचकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"एकवीस वर्षं गणित शिकवतोय, बाई," ते म्हणाले. "मलाही नाही माहीत."