तुलनेची वाडी

श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगत शिवदास यांची सुपारीची वाडी आहे. पावसाआधी घडांवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं नाही, तर कोळेरोग येतो आणि कोवळी सुपारी कुजून गळते. म्हणून इथे सगळेच फवारतात. यंदा मात्र एका प्रकल्पाने नव्या औषधाच्या प्रयोगासाठी वाडी निवडून शिवदास यांचा सन्मान करायचं ठरवलं.

प्रकल्प अधिकारी मृणाल मॅडम यांनी ओटीवर बसून नवं औषध समजावलं. त्यात आरएनएचे तुकडे असतात. रोगजंतू ते शोषून घेतो आणि झाडात शिरायला त्याला लागणारं जनुकच बंद पडतं. माणसाला धक्का नाही, मधमाशीला नाही. विज्ञान चोख होतं. अडचण त्यापुढे सुरू झाली.

“हे औषध शेजारी विनेशच्या वाडीत. तुमची वाडी तुलनेची. तुम्ही काहीच फवारायचं नाही.”

“मॅडम, मंग सुपारी खाली येल की!”

“यायलाच हवी. नाहीतर फरक कसा दिसणार?”

पाऊस लागला, सुपारी गळू लागली. शिवदासची बायको गोदू रोज सकाळी कुजलेली फळं वेचून खड्ड्यात पुरायची. त्यामुळे पाहणीत रोग अपेक्षेपेक्षा कमी भरला. गोदूला समज देण्यात आली की, लाभार्थ्यांनी रोगाच्या कामात अडथळा आणू नये. रोगाच्या संरक्षणासाठी वाडीत पहारेकरी नेमला गेला. तो गोदूच्याच हातचा चहा पिऊन तिला वाडीतून हुसकायचा.

कुंपणापलीकडे विनेशचे घड टच्च भरले होते. औषध मात्र तिथे पोचलंच नव्हतं. पहिली फवारणी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते व्हायची होती आणि पाहुण्यांना सवड नव्हती. बाटली कार्यालयाच्या फ्रिजमध्ये होती, हार घातलेली. वाट बघून विनेशने गपचूप बोर्डो मारला होता.

विनेशच्या वाडीत पाहणीला आलेल्या मॅडमनी मान वर केली. “घडांवर निळसर काय आहे?”

“बोर्डो, मॅडम,” विनेश म्हणाला.

“ते अहवालात बसत नाही.”

अहवालात बसलं ते असं: औषध इतकं प्रभावी ठरलं, की बाटली उघडावी लागली नाही. त्याबद्दल विनेशचा सत्कारही ठरला.

शिवदास कुंपणावरून ओरडला, “अरे विनेश, मंग मी पण मारतो! चार घड तरी वाचतील.”

“गप ऱ्हा रे दादा! तुजी वाडी सुदारली तर माजा सत्कार जाईल.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काका, आता वाचवलंत, तर आजवर गळलेलं सगळं वाया जाईल.”

“मंग ती बाटली तरी आमच्याकडं मारा,” गोदू म्हणाली. “पडूनच हाय ना?”

“तुलनेच्या वाडीत? मावशी, ते अशास्त्रीय होईल.”

शेवटचा घडही गळला. मग छायाचित्र प्रसिद्ध झालं: डावीकडे भरलेली वाडी, उजवीकडे ओकीबोकी. ते तुमच्याही मोबाइलवर आलं. टाळ्यांचं चिन्ह जोडून तुम्ही ते पुढे पाठवलंत, त्याबद्दल प्रकल्प आभारी आहे. उजवी बाजू बघवत नव्हती, म्हणून पाठवण्याआधी तुम्ही ती कापलीत. तिथे गोदू उभी होती.