माफीऐवजी मफलर

जीभ हा माणसाचा सर्वांत चपळ अवयव असला, तरी 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द उचलायची वेळ आली की ती जागची हलत नाही, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच मानवजातीने या दोन शब्दांना अनेक पर्याय शोधून ठेवले आहेत. न विचारता चहा करून पुढे ठेवणे, हवापाण्यावर बोलणे, समोरच्याच्या पोरांचं कौतुक करणे आणि (अत्यंत निकडीच्या प्रसंगी) 'जेवलास का?' असे विचारणे. क्रोशाचा मफलर हा या यादीतला सर्वांत लांबचा रस्ता. त्याला त्रेचाळीस दिवस लागतात.

हा आकडा तपासनीसांच्या वहीतला आहे, म्हणजे त्यात चूक असायचं कारण नाही. तपासनीसांनी कपबश्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी केली. समोर आलेला कप उजेडाकडे धरायचा, नखाने टिचकी मारून कान लावायचा आणि नापास झाला की शेजारच्या पिंपात टाकायचा. निवृत्तीनंतर पिंप कारखान्यातच राहिलं, सवय तेवढी घरी आली.

या मफलरच्या तीन हिवाळे आधी त्यांच्या धाकट्या भावाने स्वतःच्या हाताने पुस्तकांची फळी करून भिंतीवर ठोकली आणि कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना बघायला बोलावलं. तपासनीसांनी खिशातली काचेची गोटी (बशीचा सपाटपणा बघायला ती कायम जवळ असे) फळीवर ठेवली. गोटी घरंगळत जाऊन खाली पडली आणि सोफ्याखाली गेली. पाहुणे हसले, धाकटा हसला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे न बोलण्यासाठी दोघांनाही रोज बरीच वाट वाकडी करावी लागे.

पहिल्या वर्षी तपासनीस म्हणाले, येईल झक मारत. दुसऱ्या वर्षी ते काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांना करमेनासं झालं. संध्याकाळी खिडकीत उभे राहून ते त्या गल्लीकडे बघत बसत आणि बायकोने हटकलं की रहदारी मोजतोय म्हणत.

"अहो, जाऊन एकदा 'चुकलं' म्हणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"गोटी घरंगळली ही वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थितीबद्दल माफी कशी मागणार?"

"मग बसा वस्तुस्थिती कवटाळून."

ते बसले, पण लोकर घेऊन. थंडी पडली की धाकट्याचा घसा धरतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. बायकोने क्रोशाची सुई हातात दिली आणि चाळीस टाक्यांची साखळी घालून दाखवली. "एकेका टाक्यात एकेक खांब, म्हणजे उभा टाका, घालायचा. शेवटच्या टाक्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. शेंबड्या पोरालाही जमतं."

पहिल्या आठवड्याची प्रगती अशी: विणलेल्या ओळी सतरा, उसवलेल्या ओळी एकोणीस (दोन बायकोने नमुन्यादाखल घातलेल्या होत्या). त्यानंतर मात्र हात बसला. कामाच्या गुप्ततेसाठी झालेला भाग उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवण्यात येई आणि फक्त चालू ओळ बाहेर असे. लांबी रोज पट्टीने मोजून वहीत टिपली जाई.

आता, ओळीच्या कडेचा टाका जरा सैल, जरा तिरका दिसतो. जगातल्या सगळ्या विणणाऱ्यांनी हे मुकाट्याने चालवून घेतलं आहे. तपासनीस ते कसे चालवून घेणार? कडेचा टाका उजेडाकडे धरून बघायचा, पसंत पडला नाही तर त्याला नापास करून आधीच वळायचं, असा त्यांनी नियमच केला. कपांच्या बाबतीत ही पद्धत निर्दोष आहे, कारण एक कप पिंपात गेला म्हणून बाकीचे कप लहान होत नाहीत. मफलरमध्ये मात्र गेलेला टाका पुढच्या ओळीला मिळत नाही. चाळीस टाक्यांवर सुरू झालेला मफलर अकरा टाक्यांवर संपला. त्रेचाळिसाव्या दिवशी अभ्र्यातून काढून तो पलंगावर पसरला, तेव्हा तो एका टोकाला वीतभर रुंद होता आणि दुसऱ्या टोकाला तीन बोटं.

बायकोने तो दोन्ही टोकांना धरून उचलला. "अहो, हा मफलर आहे की गाजर?"

उसवून नवा करायचा तर थंडी संपली असती. तपासनीसांनी तोच कागदात गुंडाळला आणि निघाले. नापास माल स्वतः नेऊन पोचवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

धाकट्याने दार उघडलं. "घशाला बरं," एवढंच म्हणून तपासनीसांनी पुडकं पुढे केलं. धाकट्याने मफलर गळ्याभोवती घेतला, एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं.

"छान झालाय, दादा."

"नीट बघ. नापास आहे."

"दिसतंय मला."

तीन वर्षांनी 'दादा' ऐकून तपासनीसांना भरून आलं. ते दोन शब्द अगदी ओठांवर आले. धाकट्याच्याही आले होते, कारण आदल्या वर्षी दादा आठ दिवस दवाखान्यात होते आणि धाकटा तिथल्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरला होता. दोघांनीही घसा खाकरला.

"पुढच्या थंडीला टोपी करतो," तपासनीस म्हणाले.

"मी तुला एक स्टूल करून देतो," धाकटा म्हणाला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आजअखेरचं उत्पादन पुढीलप्रमाणे: टोप्या चार, हातमोजे तीन (जोड्या नव्हेत, नग), स्टुलं पाच (पैकी न डुगडुगणारं एक). 'माझं चुकलं': निरंक. वस्तू दारातच दिली जाते. आतून "चहा?" असं विचारलं जातं, बाहेरून "नको, काम पडलंय" असं उत्तर जातं. पूर्वीसारखं तासन्‌तास गप्पा मारत बसावं असं दोघांनाही फार वाटतं, पण हात रिकामे नाहीत. तपासनीस आता सत्तरीला आले आहेत आणि स्वेटर शिकून घ्यावा म्हणतात.

हे वाचताना तुम्हालाही कुणीतरी आठवलं असेल. नाव सांगू नका, आम्ही विचारलेलं नाही. फोन हाताशीच आहे आणि त्या दोन शब्दांना फार तर तीन सेकंद लागतात. हे वाचण्यात तुम्ही चांगली पाच मिनिटं घालवलीत. तेव्हा घाई करू नका. त्या माणसाला कुठला रंग आवडायचा, तेवढं आठवतंय का बघा.