घशासाठी शेवळं

दौलतचा घसा बसला तो ऐन मोक्याला. रविवारी नायगावात संयुक्त महाराष्ट्राची सभा, सभेआधी दौलतचा पोवाडा, आणि शुक्रवारी पठ्ठ्याचा आवाज फुटक्या पिपाणीसारखा. त्याच्यामागे उभं राहून, त्याच्या ओळींना सूर देत झील धरणाऱ्या रामजीला त्याच्याहून जास्त घोर लागला. खरं सांगायचं तर एकदा, फक्त एकदा, आपण पुढं उभं राहून गावं अशी रामजीची फार जुनी इच्छा होती. पण दोस्ताच्या घशावर टपून बसणारा माणूस तो नव्हे.

त्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत हेमचंद्र कारकून पेपर मोठ्यानं वाचत होते. जपानात म्हणे शेवाळ वाळवून, त्याची भुकटी करून माणसांना खायला घालून बघतायत. मटणापेक्षा कस जास्त, अंगात ताकद येत असावी, पण शास्त्रज्ञांची अजून खात्री नाही.

आता रामजी पडला गिरणीतल्या साचेखात्यातला. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटानं कान निम्मे कामातून गेलेले. 'अजून खात्री नाही' हे त्याला ऐकूच गेलं नाही, आणि 'शेवाळ' ऐकू आलं ते 'शेवळं'. त्याची तरी काय चूक? विहिरीतलं शेवाळ कोण शहाणा खाईल? शेवळं मात्र त्यानं मृगाच्या दिवसांत दादरच्या बाजारात जुड्या बांधून विकताना पाहिली होती. साताऱ्याकडच्या माणसाला त्या रानभाजीची चव ठाऊक नव्हती, नाव तेवढं ठाऊक होतं.

अंगात ताकद येते तर घशातही येईलच, असा हिशेब करून शनिवारी पाळी सुटल्यावर तो बाजारात गेला. वसईकडची भाजीवाली जुडी देताना म्हणाली, "काकडं पण ने रे भाऊ. त्याबिगर घसा धरतो."

"काकडी नको बाई," रामजी म्हणाला. "घशाला थंड पडती."

"काकडी नाय रे, काकडं."

"एकदा नको म्हटलं ना."

एक घेतलं की दुसरं गळ्यात मारायचं, ही बाजाराची रीत त्याला ठाऊक होती. काकडांची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही, हे वसईतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रामजी मात्र जुडी बगलेत मारून रुबाबात चाळीत आला.

दौलतच्या बायकोनं, मालननं, खोबरं-लसणाचं वाटण लावून झकास कालवण केलं. दौलतनं वाटी पुसून खाल्लं. थोड्याच वेळात त्याच्या घशात सुया टोचायला लागल्या, जीभ सुजली आणि होता नव्हता तो आवाजही गेला.

चाळ गोळा झाली. "अरे, आता उद्या कसं?" हेमचंद्रांनी विचारलं. दौलतला बोलता येईना. त्यानं बोट उचललं आणि रामजीकडं रोखलं. पुन्हा पुन्हा रोखलं.

सगळ्यांच्या माना रामजीकडं वळल्या. मग डफवाले शामराव म्हणाले, "रामजी, तुला पुढं उभं ऱ्हायचं होतं तर तोंडानं सांगायचं. दोस्ताला असलं खाऊ घालायचं होय?"

हे मात्र रामजीला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. "शामराव, मी दौलूचं वाईट चिंतीन? वहिनी, उरलेलं कालवण आणा इकडं."

"नको भावजी," मालन म्हणाली. पण त्यानं टोप ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत साफ केला.

"बघा, काय हुतंय का..." पुढचं त्याच्या घशातच राहिलं.

रविवारी दोघे गडी गळ्याला फडकी गुंडाळून सभेत खाली बसले. पोवाडा म्हटला मालननं. रोज चुलीपाशी बसून ऐकत आलेली, तिला तो तोंडपाठ होता. सभेनं तिला डोक्यावर घेतलं.

दौलतला पुन्हा वाचा फुटली तेव्हा रामजी मान खाली घालून त्याच्यापुढं बसला. "दौलू, चूक माझीच रं. पण समद्यांसमोर माझ्यावर बोट रोखलंस, त्ये लई लागलं."

"कसलं बोट?" दौलत म्हणाला. "आरं येड्या, हेमचंद्र इचारत होते, उद्या कसं? मी सांगत होतो, रामजी गाईल."

रामजीला रडावंसं वाटत होतं. "मग फुडल्या सभेला गाऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"फुडल्या सभेला मालनला बोलावलंय. परळची माणसं येऊन गेली."

"आन् आपुन?"

"आपुन मागं उभं ऱ्हायचं." दौलतनं सुस्कारा सोडला आणि जरा जवळ सरकला. "रामजी, मी झील कधी धरली न्हाई रं. मला जरा शिकीव."