ऑइलमन भावजी आणि शेवाळाच्या गोळ्या

सांडशीत धरलेला तापलेला खिळा भावजींच्या मनगटावर टेकणार तेवढ्यात मी बुवाचा हात धरला. डाग देऊन कावीळ उतरवतो म्हणून शेजाऱ्यांनी त्याला पलीकडच्या वस्तीवरून आणलं होतं. भावजींचे तळहात हळद लावल्यासारखे पिवळे झाले होते हे खरं. पण डोळ्यांत पिवळेपणा नव्हता, आणि आदल्या दुपारी या माणसाने तीन भाकरी खाल्ल्या होत्या. कावीळ झालेल्याला भाकरी बघवत नाही. मी बुवाला म्हटलं, आधी स्वतःला डाग घे. तो चिडून गेला. भावजी मनगट चोळत म्हणाले, "वयनी, त्याची सांडशी लई कुरकुरत हुती. तेल घालाय पायजे हुतं."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पाटसकडे साखर कारखान्यात ऑइलमन होते, मशिनींना तेल घालायचे. रिटायर झाले तरी तेलाची कुपी हातातून सुटली नाही. माझं फाटक, कुणाची सायकल, देवळातली घंटा, काही सोडत नाहीत. जाऊबाई गेल्यापासून तर घरात पाय ठरत नाही. मी जेवायला बसले की हे बिजागरीपाशी हजर.

मला मागच्या उन्हाळ्यापासून दिवेलागणीनंतर दिसेना. कुणाला बोलले नाही. लेकाला कळलं असतं तर त्याने मला पुण्याला नेऊन चौथ्या मजल्यावर बसवलं असतं. पण एका संध्याकाळी मी कडबा गव्हाणीऐवजी पाण्याच्या हौदात टाकला, आणि ते भावजींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते निमोण्याला लेकीकडे गेले. तिचा बचत गट टाकीत शेवाळ वाढवतो, वाळवून गोळ्या करतो. डोळ्यांना चांगल्या म्हणून माझ्यासाठी डबाभर घेऊन आले. म्हशीच्या हौदातली घाण मी खाणार नाही, तुम्हीच खा, असं मी सांगितलं. तर खरंच खायला लागले. रोज मूठभर गोळ्या, तेलात कालवून. आणि महिनाभरात तळहात पिवळे.

बुवा गेल्यावर मी त्यांना एसटीत बसवून यवतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि त्या हसल्या. म्हणाल्या, शेवाळात अ जीवनसत्त्व तयार नसतं, गाजरात असतो तसला रंग असतो. तेलातुपाबरोबर खाल्ला तर तो अंगात नीट शिरतो. शरीर त्यातून लागेल तेवढंच जीवनसत्त्व करतं, उरलेला रंग कातडीत बसतो. मुठीने खायला सांगितलं कोणी?

भावजी कुपीचं झाकण उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, "नवं तेल आलं की आमी आदी आपल्या हातावर चोळून बघायचो, बाई. एकदम मशिनीत वतत न्हाई. ह्ये वयनींच्या पोटात जायाचं हुतं."

मग मीच सांगितलं, मला दिवेलागणीनंतर दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझेही डोळे पाहिले. बीपीच्या धास्तीने मी तेल तोडलं होतं, कोरड्या भाकरीवर आणि चहावर दिवस काढत होते, ते सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं. अ जीवनसत्त्व कमी पडलंय, म्हणाल्या. औषध दिलं. शेवाळाची गोळी खायची तर एकच, जेवणात, चमचाभर तेलाबरोबर.

आता दिवेलागणीला मी डेअरीत दूध घालून एकटी परत येते. फाटकापाशी भावजी कुपी घेऊन उभे असतात. फाटक केव्हाचंच कुरकुरायचं थांबलंय.

रातांधळेपणा मला झाला होता. पिवळे झाले ते भावजी.